खातूनबीचा नंबर

उमरखेडच्या आठवडी बाजारामागच्या गल्लीत खातूनबी राहते. तिला शिलाई मशीन दाखवायची नसते, ऐकवायची असते. कुठल्याशा गावातून एखाद्या बाईचा फोन येतो आणि मशीन दोरा तोडते म्हणून रडगाणं सुरू होतं. खातूनबी ते पुरतं ऐकूनही घेत नाही. फोन मशीनच्या फळीवर पालथा ठेव आणि चालव, एवढंच सांगते. मग डोळे मिटून बसते. तिकडे चाक फिरतं, सुई खाली-वर होते, आणि इकडे हिचा अंगठा पदरावर ताल धरतो. दहा-बारा टाके झाले की ती थांबवते. बॉबिन केसचा स्क्रू ढिला आहे, अर्धा फेरा आवळ, जास्त शहाणपणा करू नको, असं बजावते आणि फोन ठेवून देते. दहातल्या आठ वेळा मशीन सुरू होते. उरलेल्या दोन वेळा त्या बाईनं जास्त शहाणपणा केलेला असतो.

हा धंदा मुळात तिच्या नवऱ्याचा, मन्सूरचा. गडी हाताचा मोठा कसबी होता. आधी सायकलवर, मग लुनावर पेटी बांधून गावोगाव फिरायचा आणि मशिनी दुरुस्त करून यायचा. पण शेवटच्या दहा-बारा वर्षांत त्याला ऐकू कमी येऊ लागलं. तेव्हापासून अवघड मशीन घरी आणायची, त्यानं स्क्रू फिरवायचा आणि हिनं कान लावून “अजून, अजून, बस” म्हणायचं, अशी वाटणी झाली. हात त्याचा, कान हिचा. पाच वर्षांपूर्वी मन्सूर गेला, तेव्हा दुकान मिटलं असंच गल्ली धरून चालली होती. गल्लीला खातूनबी काय चीज आहे ते ठाऊक नव्हतं.

तिची लेक नसरीन नांदेडला दिली आहे. तिनं आईला एक स्मार्टफोन पाठवला, नेट चालावं म्हणून त्यात स्वतःच्या नावाचं एक सिम घातलं, आणि बापाच्या जुन्या नंबरावर व्हॉट्सॲप सुरू करून दिलं. त्या जुन्या नंबराचं सिम मात्र राहिलं मन्सूरच्या बटणाच्या फोनात. तो फोन खातूनबी कमरेच्या बटव्यात ठेवायची आणि स्मार्टफोन मशीनच्या फळीवर. एक आयकायचा, एक पाह्याचा, असं ती सांगायची. लोक हसायचे. हसेनात का बापडे, हिचं काम चालत होतं.

नंबर जुनाच का, तर त्याला कारण होतं. मन्सूर जी जी मशीन दुरुस्त करायचा, तिच्या फळीखाली पांढऱ्या ऑइलपेंटनं आपला नंबर लिहून ठेवायचा. तेल द्यायला मशीन उलटवली की नंबर समोर. मशिनी पुढे लेकींच्या संसारात गेल्या, सुनांच्या वाट्याला आल्या, आणि नंबर त्यांच्यासोबत फिरत राहिला. मारेगावकडून फोन यायचे, बोरी अरबकडून यायचे, किनवटकडूनसुद्धा यायचे. ज्या बाया हिनं जन्मात पाहिल्या नव्हत्या, त्या तिला भाभी म्हणायच्या. दहा आकडे होते ते, पण खातूनबीचं सगळं पोटपाणी आणि सगळी इज्जत त्यावर उभी होती.

मध्ये एका भामट्यानं तिच्या नावावर हात मारला. खातूनबीचा भाचा बोलतो, सुटे भाग पाठवतो, असं म्हणून दोन-तीन बायांना चुना लावला. त्यात बोरी अरबची बिजलीबाईही होती. ही बिजलीबाई तिकडच्या बचत गटाची अध्यक्ष, तांड्यावरची, बोलायला फटकळ आणि मनानं गाय. खातूनबीला एवढा संताप आला की तिनं सगळ्या बायांना एकच निरोप बोलून पाठवला. “या नंबरशिवाय दुसऱ्या नंबरवरून खुद्द मी जरी बोलली, तरी फोन ठिवून द्या.” बायांनी तो निरोप गाठीला बांधला. हे ध्यानात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

आता शेजार सांगायला हवा. खातूनबीच्या घराला भिंतीला भिंत लावून सदाशिवरावांचं घर. सदाशिवराव तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण नियमाचा एवढा पक्का की घरात लिंबू कापायचं तरी विषय आणि संदर्भ विचारील. त्यांच्या पत्नी शीलाताई आणि खातूनबी म्हणजे एकेकाळी एका ताटातल्या. शीलाताईंची मशीन दुपारी सुरू झाली की भिंतीतून खातूनबीला कळायचं, आज ब्लाउज आहे की परकर.

चार वर्षांपूर्वी सदाशिवरावांनी नगरपालिकेत अर्ज दिला. गल्लीतले सात बोर्ड रस्त्यावर आलेले आहेत, ते काढावेत. त्यात पहिलं नाव त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या दुकानाचं होतं, हेही सांगायला पाहिजे. पण पालिकेची माणसं आली तेव्हा सहा बोर्ड नटबोल्टनं पक्के आवळलेले, आणि मन्सूरनं स्वतः रंगवलेला पत्र्याचा बोर्ड तेवढा तारेनं टांगलेला. माणसांनी सोपं काम केलं आणि चहा प्यायला निघून गेली. मन्सूरला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. खातूनबीनं भर गल्लीत कसम खाल्ली की या घराच्या उंबऱ्यावर मरेपर्यंत पाय ठेवणार नाही. तेव्हापासून अबोला. शीलाताईंची मशीनही गप्प झाली. नवी कुठूनतरी घेतली असेल, किंवा तयार ब्लाउज घालत असेल, आपल्याला काय करायचं, असं खातूनबी स्वतःला सांगायची. पण दुपार झाली की कान भिंतीकडे जायचाच.

त्या घरातली एकच व्यक्ती खातूनबीकडे येत-जात राहिली. ती म्हणजे सदाशिवरावांची मुलगी अनघा. कोर्टात वकिली करते. लहानपणी खातूनबीच्याच मांडीवर बसून बॉबिनी भरायला शिकली. म्हाताऱ्यांच्या भांडणाला ती भीक घालत नसे.

याच अनघानं एक दिवस येऊन खातूनबीला नवा नियम समजावला. चोर परदेशात बसतात, आपल्याकडचे नंबर वापरून ॲपवरून फोन करतात, पोलीस बनून लोकांना घाबरवतात, आणि शोधायला जावं तर त्या फोनात सिमच नसतं. म्हणून सरकारनं ॲपवाल्या कंपन्यांना सांगितलं की ज्या नंबरावर खातं, त्या नंबराचं सिम त्याच फोनात पाहिजे. नसेल तर ॲप बंद. संगणकावर लावलेलं असेल तर तेही दर सहा तासांनी आपोआप बाहेर पडणार, पुन्हा जोडून घ्यायचं. धंदेवाल्यांना यात सूट नाही. अनघानं हात जोडून सांगितलं, चाची, दोन फोनांचा संसार आता मोडा आणि सिम या फोनात घाला.

खातूनबीनं करतो, करतो म्हटलं आणि केलं नाही. मन्सूरच्या फोनातून सिम काढायचं तिच्या जिवावर येत होतं. वर, सरकारचे नियम येतात आणि जातात, आपली मशीन चालूच असते, हा तिचा जुना अनुभव.

मे महिन्यात एका सकाळी स्मार्टफोनवर पाटी आली. या नंबराचं सिम या फोनात दिसत नाही, म्हणून खातं थांबवलं आहे. खातूनबीनं फोन पुसला, बंद करून चालू केला, उन्हात धरला. पाटी हलली नाही. बहुतेक बाया आता ॲपवरूनच फोन करायच्या, अन् वेळ कोणती, तर शाळांच्या गणवेशाची. बिजलीबाईच्या गटानं दोन शाळांचे साडेतीनशे गणवेश शिवायला घेतलेले, चौदा मशिनी दिवसभर धडधडत असलेल्या, आणि रोज एखादी तरी आजारी पडणारी.

आता इथे माणसानं काय करावं? अनघाला हाक मारावी. पण खातूनबीनं बटव्यातून मन्सूरचा फोन काढला, त्यातलं सिम काढलं आणि स्मार्टफोनच्या खाचेला लावून पाहिलं. सिम वीस वर्षांपूर्वीचं, चांगलं ऐसपैस. खाच बोटाच्या नखाएवढी. कोणीतरी कधीतरी सांगितलेलं तिला आठवत होतं की जुनं सिम कापून बसवता येतं. आणि कापायचं म्हटल्यावर खातूनबी कुणाच्या बापाला ऐकते? चाळीस वर्षं कैची चालवलेली बाई. तिनं फोनातल्या नसरीनच्या सिमचं माप खडूनं काढलं, धारेची मोठी कैची घेतली, आणि ब्लाउजाचा गळा कापावा तसं सिम गोलाईत कापलं. कापणी सुबक झाली, यात वाद नाही. फक्त त्यात मधला सोनेरी तुकडाही थोडा कापला गेला. सिम खाचेत बसलं आणि मेलं. बटणाच्या फोनात परत घालून पाहिलं तर तिथेही मेलेलंच. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

बसस्टँडच्या रस्त्याला सिमच्या कंपनीचं दुकान आहे. तिथे जमीर नावाचा माणूस काउंटरवर बसतो, खातूनबीच्या माहेरच्या लांबच्या नात्यातला. त्यानं कापलेलं सिम हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. कापणी कुणाची म्हणून विचारलं. मग म्हणाला, काळजी नको, त्याच नंबराचं नवं सिम देतो, मालकाला घेऊन या. मालक तर अल्लाघरी गेले, असं खातूनबीनं सांगितलं आणि मन्सूरच्या मृत्यूचा दाखला पिशवीतून काढला. जमीरनं पडद्याकडे पाहिलं, दाखल्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“चाची, हा नंबर मन्सूरचाचांच्या नावावर नाही. सदाशिव म्हणून कुणी आहेत, पत्ता तुमच्याच गल्लीचा आहे. त्यांनी स्वतः यायला पाहिजे.”

खातूनबी तिथल्या बाकावर बसली. वीस वर्षं जो नंबर ती मन्सूरचा म्हणून जपत होती, ज्याचं सिम काढायचं जिवावर आलं होतं, तो त्या माणसाच्या नावावर! ज्याच्या दाराकडे पाहायचं नाही म्हणून ती दळण आणायलासुद्धा वळसा घालून जायची, त्याच्या. तिला राग आला मन्सूरचा. एवढी मोठी गोष्ट बायकोला सांगितली नाही. घरी येईपर्यंत ती मेलेल्या नवऱ्याशी भांडत होती.

संध्याकाळी अनघाच्या फोनवरून तिनं बिजलीबाईला फोन लावला. बिजलीबाईनं उचलला, खातूनबीचा आवाज ऐकला, नंबर पाहिला आणि एक सणसणीत शिवी देऊन ठेवून दिला. दुसऱ्यांदा उचललाच नाही. मारेगावच्या दोघींनीही तेच केलं. स्वतःच्या तोंडानं दिलेला हुकूम स्वतःवरच उलटला होता, आणि बाया इतक्या शहाण्या निघाल्या याचं कौतुक करावं की कपाळ बडवावं, हे खातूनबीला कळेना. एवढं मात्र कळलं की हा नंबर गेला तर ती कुणीच नाही. नवा नंबर घेतला तर तीनशे मशिनींखाली तो लिहायला कोण जाणार?

सगळी हकीकत अनघानं घरी जाऊन वडिलांना विचारून आणली. मन्सूरनं सिम घ्यायचं ठरवलं तेव्हा कागद म्हणून रेशनकार्ड लागत होतं. आणि रेशनकार्ड होतं तहसील कचेरीत, नसरीनचं नाव चढवायला दिलेलं. कुणाच्या टेबलावर? सदाशिवरावांच्या. आठ महिने पडून होतं. साहेबांची सही नाही, मग फॉर्म संपले, मग निवडणूक आली. सदाशिवरावांना फाईल पुढे ढकलणं काही जमलं नाही, पण माणूस अडलेला पाहवेना. तेव्हा त्यांनी कपाटातून आपल्या कागदांच्या साक्षांकित प्रती काढल्या आणि आपल्याच नावावर मन्सूरला सिम घेऊन दिलं. नियमाच्या पक्क्या माणसानं जन्मात एकदा नियम वाकवला, तो आपल्याच टेबलावर कागद अडकला या लाजेपोटी. एकदा म्हणजे काय, सात वेळा. गल्लीत आणखी सहा जणांचे कागद त्याच टेबलावर अडकले होते.

अनघा वडिलांवर भयंकर चिडली होती. उद्या यातल्या एखाद्या नंबरावरून कुणी काही उद्योग केले असते तर पोलीस तुमच्या दारात आले असते, असं तिनं त्यांना जेवताना तीनदा ऐकवलं. जेवण झाल्यावर सदाशिवरावांनी कागद घेतला आणि लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनघानं तो कागद आणून खातूनबीच्या हातात दिला. वर ‘विषय’, खाली ‘संदर्भ’. मजकूर असा की सदर मोबाईल क्रमांक आपल्या नावे करण्याकरिता आपण आज सकाळी साडेदहा वाजता कंपनीच्या दुकानात आधारकार्ड व एका छायाचित्रासह समक्ष हजर राहावे. खातूनबी भडकली. भिंतीपलीकडून नोटीस पाठवतो म्हणजे काय? ती कागद फाडणारच होती, पण दहा आकडे आठवले आणि तिनं तो घडी करून बटव्यात ठेवला. साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना ती घरातून निघाली.

सदाशिवराव छत्री धरून पुढे, खातूनबी वीस पावलं मागे. गल्लीनं ही मिरवणूक डोळे भरून पाहिली. दुकानात दोघं बाकाच्या दोन टोकांना बसले. मधल्या जागेवर येणारी-जाणारी गिऱ्हाइकं बसून उठली.

त्यांची पाळी आली. जमीरनं दोघांचे फोटो तिथल्या तिथे काढले, अंगठे घेतले, आणि नाव बदलायचा फॉर्म सदाशिवरावांपुढे सरकवला. एका रकान्यात कारण लिहायचं होतं. जमीर समजूतदार माणूस. त्यानं हळूच सुचवलं की ‘वैयक्तिक’ एवढंच लिहा, कुणी विचारत नाही. भलतंसलतं लिहिलं तर वरचे लोक चौकशी करतील, की वीस वर्षं दुसऱ्याला सिम देऊन का ठेवलं.

सदाशिवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खातूनबी बाकावरून पाहत होती. तिला वाटलं, आता हा माणूस तेच लिहील. वैयक्तिक. आणि तिचा मन्सूर त्या कागदात कुठंच असणार नाही.

“जे हाय ते लिहितो,” सदाशिवराव म्हणाले. “हा नंबर पहिल्या दिवसापासून मन्सूर शेख मेकॅनिक यांचा. त्यांच्या माघारी त्यांच्या पत्नीचा. माहं फक्त नाव होतं, कारण त्यांचं रेशनकार्ड माह्या टेबलावर आठ महिने पडून होतं. चूक माही हाय. चौकशी होत असंल तर माही करा, बाईची नाई.”

आणि ते सगळं त्या चिमुकल्या रकान्यात मावेना, म्हणून त्यांनी पानाच्या मागे लिहिलं, ‘कृपया मागे पाहावे’ असा बाण काढला, सही केली, तारीख टाकली. लिहिताना त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. पंखा बाकाच्या दुसऱ्या टोकाला होता, खातूनबीच्या डोक्यावर.

खातूनबीकडे चार वर्षं साठवलेले शब्द होते, चांगले धार लावून ठेवलेले. ते तिनं तसेच राहू दिले.

“भाऊ,” ती म्हणाली, “इकडे या. पंखा इकडे हाय.”

सदाशिवराव येऊन बसले. मग त्यांनी खाली मान घालून सांगितलं की बोर्ड सात होते, अर्जात सातही लिहिले होते. मले माहीत हाय, खातूनबी म्हणाली, पण पडला तो माझाच. हो, पडला तो तुमचाच, असं त्यांनी कबूल केलं. भांडण एवढंच होतं. ते मिटवायला वाद घालायचा नव्हता, फक्त कुणीतरी ‘हो’ म्हणायचं होतं.

जमीरनं नवं सिम दिलं, या खेपेला नखाएवढं. वर सांगितलं की आजचा दिवस मेसेज येणार नाहीत, नव्या सिमला चोवीस तास ते बंदच असतात, हाही चोरांसाठी केलेला नियम. ॲप पुन्हा सुरू करायचा आकडा मेसेजनं उद्या येईल. आणि चाची, कैची लांब ठेवा. पडद्यावर त्यानं नाव दाखवलं. खातूनबी मन्सूर शेख. तिनं चष्मा सरकवून दोनदा वाचलं. घर सासऱ्याच्या नावावर, मीटर नवऱ्याच्या नावावर. साठ वर्षांत तिच्या स्वतःच्या नावावर झालेली ही पहिली वस्तू. आणि मधोमध मन्सूर होताच की. तिचा नवऱ्यावरचा राग तिथेच उतरला.

परतताना सदाशिवराव छत्री धरून चालले होते आणि खातूनबी त्यांच्या मागे दोन पावलांवर होती. गल्लीनं हिशेब लावला, वीसचे दोन झाले.

दुसऱ्या दिवशी आकडा आला, अनघानं तो भरला, आणि बंद पडलेलं खातं जागं झालं. फोन थरथरत राहिला. एकशे सहा निरोप. भाभी कुठे गेलात, भाभी मशीन अडली, भाभी तब्येत बरी हाय का. पहिला फोन बिजलीबाईचा. तिनं आधी नंबर वाचून खात्री केली, मग रागावली की कुण्या चोट्टीनं तुमचा हुबेहूब आवाज काढून मला फसवायला फोन केला होता, मी तिला अशी शिवी हासडली की जन्मभर ध्यानात ठेवील. खातूनबीनं सांगितलं की ध्यानात राहील तिच्या, आता फोन पालथा ठेव. बिजलीबाईच्या दोन मशिनी बंद होत्या. एक खट-खट वाजत होती. सुई अर्धवट बसली आहे, खालच्या शटलला भिडते, वरपर्यंत ढकल आणि स्क्रू आवळ, असं खातूनबीनं डोळे मिटून सांगितलं. दुसऱ्या मशीनमध्ये बिजलीबाईनं जास्त शहाणपणा केला होता. ती निस्तरायला अर्धा तास गेला, पण चौदाच्या चौदा मशिनी चालू झाल्या. गणवेश वेळेवर होणार होते.

दुपारपर्यंत हेच चाललं. कुठे सुई, कुठे पट्टा, कुठे दोरा उलटा ओवलेला. मग जेवून खातूनबी जरा लवंडली, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. पडद्यावर नाव होतं, शीला.

खातूनबी उठून बसली. चार वर्षांत हे नाव त्या फोनवर उगवलं नव्हतं.

शीलाताईंनी नमस्कार-चमत्कार केला नाही. मशीन बंद आहे म्हणाल्या, जड चालते, चाक नीट फिरत नाही. कधीपासून, म्हणून खातूनबीनं विचारलं. चार वर्षं, असं उत्तर आलं. मग कुणाला दाखवली का नाही, उमरखेडात काय मी एकटीच मेकॅनिक आहे, असं खातूनबी जरा चढ्या आवाजात म्हणाली.

“दुसऱ्याले कायले दाखवू?” शीलाताई म्हणाल्या. “फळीखाली तुमचा नंबर हाय. अन् फोन करायले तोंड नव्हतं. तुम्ही आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाई म्हणल्या, म्हणून फोनवरूनच आयका. कसम मोडू नका.”

आणि त्यांनी फोन फळीवर पालथा ठेवून पायाखालचा पायटा दाबला.

खातूनबीनं सवयीनं डोळे मिटले. आवाज आला, पण फोनमधून नाही. आधी भिंतीतून आला. कुरकुरत, अडखळत, कोरड्या लोखंडाचा. मग एका श्वासानंतर तोच आवाज फोनमधून आला, बारीक होऊन, लांबून फिरून आल्यासारखा. एक टाका भिंतीतला, तोच टाका फोनमधला. तिनं किती वर्षं ऐकलेली मशीन होती ती. ब्लाउज की परकर, हे सांगू शकणारी. खातूनबीचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत, कारण एका हातात फोन होता आणि दुसरा हात भिंतीवर होता.

“शीला, फोन ठेव,” ती म्हणाली. “मले भिंतीतून चांगलं आयकू येते. काही बिघडलं नाई तिचं. तेल पाह्यजे फक्त. चार वर्षं कोणी तेल दिलं नाई तिले.”

तिनं फळीवरची तेलाची कुपी उचलली, एक फडकं घेतलं, चपला घातल्या. नियम चांगलेच असतात, तिचं त्यावर काही म्हणणं नाही. सिम त्याच फोनात पाहिजे, नाव त्याच माणसाचं पाहिजे, आणि तेल द्यायला बाई समक्ष हजर पाहिजे. शेजारचं दार उघडंच होतं. सदाशिवराव मशीन उलटवून धरून उभे होते, आणि फळीखाली पांढऱ्या रंगात मन्सूरचं अक्षर दिसत होतं. खातूनबी उंबरा ओलांडून आत गेली आणि कुठे कुठे तेल लागेल ते पाहायला वाकली.